न विचारता केलेला फोन

त्या रविवारी मी भिंतीवर चार्टपेपर चिकटवला आणि जाड मार्करनं लिहिलं, 'मी कशासाठी जगतो?' समोर अकरा मुलंमुली बसली होती, अठरा ते चोवीस वयाची. सगळी एचआयव्हीसह जगणारी, बहुतेक जन्मापासून. साल २०१९. नागपुरात खापरीच्या बाजूला ओळखीतल्या एकानं फुकट वापरायला दिलेली ती खोली. खिडकीतून मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसायच्या, आणि मार्चमध्येच सुरू झालेली मेट्रो. मी प्रत्येकाच्या हातात एक रंगीत चिठ्ठी दिली. पाचच मिनिटांत एक परत आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'रूम. भाडं ३००० च्या आत.'

मी हसले आणि ती चिठ्ठी बाजूला ठेवली. मला जीवनाचा अर्थ हवा होता ना!

मी निवृत्त प्राध्यापिका. समुपदेशनाचा एक छोटा कोर्स केलेला आणि व्हिक्टर फ्रँकल पेन्सिलीनं खुणा करकरून वाचलेला. नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या त्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं १९४६ मधलं पुस्तक काखोटीला मारून मी या पोरांकडे गेले होते. अर्थ ज्याचा त्यानं शोधायचा असतो, दुसऱ्याला तो देता येत नाही, हेच तर फ्रँकलचं मुख्य म्हणणं. त्या पानावरही माझी खूण आहे.

या पोरांचं खरं दुखणं मला फार उशिरा कळलं. यांचे जन्म २००० च्या आगेमागे. सरकारी फुकट औषधं १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम तर २००६ च्या नोव्हेंबरअखेरीस आला. तोवर घरच्यांनी मनातल्या मनात हिशोब मिटवून टाकला होता, की हे लेकरू काही राहत नाही. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पोराचे आईबाप त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. आजीनं लेकराला पोटाशी धरलं, वेळेवर खाऊ घातलं, पण त्याच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातले नाहीत. कुणी सातबाऱ्यावर नाव चढवलं नाही, बँकेत खातं काढलं नाही. आजारपणात शाळा दोन-दोन वर्षं मागे पडली. पुढे गोळ्यांनी पोरं जगली, आणि वीस वर्षांची होऊन उभी राहिली तेव्हा त्यांच्या विसाव्या वर्षाची तयारी कुणीच केलेली नव्हती. मी मात्र त्यांना प्रयोजन वाटत फिरत होते.

संस्थेत वाढलेल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. लातूरकडे हासेगावला रवी बापटले यांच्या 'सेवालया'नं मोठ्या झालेल्या मुलांसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' वसवलं. तिथं लग्नं लागली, संसार उभे राहिले. हे सगळं मी वाचलं होतं आणि त्यातून काय उचललं, तर 'प्रेरणादायी' हा एक शब्द.

आता त्या चिठ्ठीवाल्याविषयी. त्याचं नाव, गाव, टोपणनावसुद्धा देत नाही. त्याच्याबद्दल एकदा नको तितकं बोलून झालंय माझं.

बारावी झालेला, इंग्रजी मोडकं पण धीट. 'मिहानमध्ये लागला' या शब्दांना आमच्याकडे जो मान आहे, तो त्याला हवा होता. काम रात्रपाळीचं, फोनवर बोलायचं. तेव्हाच्या गोळीत इफाविरेन्झ असायचं. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण मग डोकं गरगरतं, भलभलती स्वप्नं पडतात. रात्रभर जागायचं तर ही गोळी घ्यायची कधी? मी म्हणाले, "नोकरीपेक्षा तब्येत मोठी." तो म्हणाला, "तब्येतीले घेऊन काय करू मॅडम? घरी बसून तिच्याकडं पाहून राहू का?"

गोळ्यांच्या डबीत तो कापूस कोंबायचा, बॅगेत खुळखुळ ऐकू येऊ नये म्हणून. हेही मला दुसऱ्याच एका मुलीनं सांगितलं. सहा महिने मी त्याला जगणं समजावत होते आणि डबी वाजते, एवढं मला ठाऊक नव्हतं.

मुलाखतीत त्याची निवड झाली. रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी होती. त्यानं मला एवढंच विचारलं, "त्याच्यात हे निघंन का?"

उत्तर त्याच खोलीत भिंतीवर होतं. मीच आणून लावलेलं पोस्टर. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. विश्वासानं कळलेली कुणाची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. कायदा नव्हता तेव्हाही, १९९७ मध्ये, एचआयव्ही निघाला म्हणून काम नाकारलेल्या एका हंगामी कामगाराच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला होता. हे सगळं त्याला दहा मिनिटांत सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "बघते मी."

आणि त्या कंपनीत एचआरमध्ये असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. हुशार मुलगा आहे गं, त्याचं असं असं आहे, जरा सांभाळून घे. "तुम्ही काळजीच करू नका मॅडम," ती म्हणाली, आणि तिनं ते मनापासूनच म्हटलं असावं. फोन ठेवल्यावर मला चक्क छान वाटलं. चहा करून घेतला.

रुजू होण्याची तारीख आधी आठवड्यानं पुढे गेली, मग महिन्यानं. मग त्याचे फोन उचलले जाईनात. कारण कुणी लिहून दिलं नाही, तसं ते देतही नसतात.

मी स्वतः त्याला सांगितलं, एवढंच माझ्या खात्यावर जमा. तो ओरडला नाही. "तुमाले कोनं सांगतलं होतं?" असं दोनदा विचारलं, बस. मी तक्रार करू म्हटलं. "म्हंजे अजून चार जनाईले सांगाचं," तो म्हणाला आणि बॅग उचलून गेला. कापसामुळे डबी वाजली नाही.

हेतू चांगला होता, असं मी पुढे वर्षभर स्वतःला ऐकवत राहिले. पण मी त्याला झोप विचारली, जेवण विचारलं, गोळीची वेळ विचारली; फोन करू का, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नसावं.

नंतर डोल्युटेग्राविरची गोळी आली. ती दिवसातल्या कुठल्याही ठरलेल्या वेळी घेता येते. त्याच्या रात्रपाळीचा प्रश्न त्या गोळीनं सोडवला, मी नाही. मिहानमध्येच दुसरीकडे तो आपला आपण लागला. त्याचा व्हायरल लोड 'टीएनडी' आला, म्हणजे तपासणीत विषाणू सापडण्याइतकाही उरला नाही. गोळ्या चुकवल्या नाहीत आणि हे असंच टिकलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सगळं मला इकडून-तिकडून कळलं.

खोली अजून आहे. चार्टपेपर नाही. रविवारी आम्ही दाखल्यांचे अर्ज भरतो, भाड्याच्या खोल्या शोधतो, १०९७ या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये टाकून देतो. कुणी प्रेमात पडलेलं असतं. तिला सांगायचं की नाही, सांगायचं तर कधी, यावर अख्खी दुपार जाते. त्यात मी तोंड उघडत नाही, भजी आणते.

तो येत नाही, पण नवी पोरं पाठवतो. गेल्या महिन्यात आलेल्या एका मुलीनं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, भाऊनं तिला बजावून पाठवलं होतं, "मॅडमले कागदाचं सगळं विचार. नोकरी कुठं लागली, ते नको सांगू."