ओतलेलं की ठोकलेलं? एका रोमन नाण्याची आणि बाबांची गोष्ट

तुमच्या घरात आहे का हो असा एखादा डबा? बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, ज्यात बंद झालेले पाच-दहा पैसे, आजीने जपलेला राणी व्हिक्टोरियाचा एखादा रुपया आणि लक्ष्मीपूजनाची दोन चांदीची नाणी असतात? आमच्याकडे आहे. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरपासून आताच्या घरापर्यंत तो आमच्यासोबत आला. माझा नाण्यांचा नाद त्याच डब्यातून सुरू झाला आणि फार लांब, थेट रोमपर्यंत गेला. त्या नादात मी घरच्यांशी खोटं बोलले. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

बी.ए.ला इंग्रजी होतं. अभ्यासाला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' होतं. त्यात सीझरच्या मृत्युपत्राचा प्रसंग आहे, प्रत्येक नागरिकाला पंच्याहत्तर नाणी. मला प्रश्न पडला, ही नाणी दिसायची कशी? शोधायला लागले आणि डिनेरियस भेटला. आपल्या एक रुपयापेक्षाही लहान, जेमतेम साडेतीन-चार ग्रॅमचं चांदीचं नाणं. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एखादी देवता. आपल्या जुन्या शिलालेखांत येणारा 'दीनार' हा शब्दही याच डिनेरियसवरून आला, हे कळलं तेव्हा तर रोम मला अगदी शेजारच्या गल्लीत असल्यासारखं वाटलं.

या नाण्यांच्या दुनियेत एक गंमत आहे. जो सम्राट चाळीस वर्षं राज्य करून गेला, त्याची नाणी भरपूर. जो तीन महिन्यांत संपला, त्याची नाणी दुर्मिळ आणि म्हणून महाग! इ. स. ६९ या एकाच वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. त्यातला ओथो जानेवारीत गादीवर आला आणि एप्रिलच्या मध्यात त्याने स्वतःचा जीव घेतला. इ. स. १९३ मध्ये डिडियस जुलियानसने तर शाही रक्षकांपुढे बोली लावून साम्राज्यच विकत घेतलं, आणि दोन महिन्यांच्या थोडं वर टिकला. त्यात स्युटोनियस नावाच्या रोमन लेखकाने सीझरपासून डोमिशियनपर्यंत बारा जणांची चरित्रं लिहून ठेवली आहेत. त्यामुळे जगभरच्या संग्राहकांना ते बाराच्या बारा हवे असतात. ओथोशिवाय बारा पूर्ण होत नाहीत. मागणी मोठी, नाणी थोडी.

मला ओथो हवा होता. त्याच्या नाण्यावर त्याचे केस नीट ओळीत बसवलेले दिसतात, कारण तो टोप घालायचा म्हणे. मागच्या बाजूला एक देवी आणि लॅटिन अक्षरं, अर्थ 'रोमन जनतेची सुरक्षितता'. जो स्वतः तीन महिने सुरक्षित राहिला नाही, त्याने सगळ्यांना सुरक्षिततेचं वचन दिलं होतं!

आता खरी कबुली. मी कंटेंट रायटर आहे. साड्या, भांडी, मोबाइलची कव्हरं, काहीही असो, 'फक्त शेवटचे तीन शिल्लक' अशी वाक्यं लिहून माझं पोट चालतं. 'दुर्मिळ' हा शब्द माणसाची घाई कशी वाढवतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही एके रात्री फोनवर 'अतिदुर्मिळ ओथो, तातडीने विकणे आहे' असं वाचलं आणि माझा हात थांबला नाही. बावीस हजार रुपये. एम.ए.च्या फीसाठी बाजूला ठेवलेले. घरी सांगितलं, फी भरली.

नाणं आलं. आठवडाभर मी ते रोज रात्री दार लावून बघायची. मग एका रविवारी बाबा टेबलावर चार्जर शोधत होते आणि ती छोटी प्लास्टिकची पुडी त्यांच्या हाती लागली.

माझे बाबा भिलाई स्टील प्लांटच्या फाउंड्रीत होते. आजोबा भंडाऱ्याहून इथे आले, पहिली भट्टी सुरू झाली त्याच्या दोन-एक वर्षांनी. ती १९५९ साली सुरू झाली, तेव्हा राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. बाबांनी पस्तीस वर्षं वाळूचे साचे आणि त्यात ओतलेला वितळता धातू बघितला. रोमचा इतिहास त्यांना माहीत नाही. त्यांनी नाणं उजेडात धरलं, काठावर नख फिरवलं, जुनं भिंग आणलं.

"हे काय आहे बेटा?"

मी म्हटलं, "दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं."

"कसं बनवायचे ते?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती आणि हातोड्याचा एक दणका.

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे ठोकलेलं. हे तर ओतलेलं आहे."

काठावरून एक बारीक रेघ गेली होती, कानसून पुसायचा प्रयत्न केलेली. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे अशी रेघ येते. देवीच्या पायाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते. धातू ओतताना हवा अडकली की ते पडतात. अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गुळगुळीत होत्या. "ठोकलेल्याची कड अशी मऊ नसते गं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे वजन केलं. ओथोच्या काळचा डिनेरियस साधारण ३.४ ग्रॅमचा असतो. माझा २.७ भरला.

"कितीला पडलं?" बाबांनी विचारलं. खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. फीचंही सांगून टाकलं. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिने फक्त गॅस बंद केला. त्या शांततेपेक्षा चार शब्द ऐकले असते तर बरं वाटलं असतं.

बाबा रागावले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पैसे गेले ते गेले. पण आणलंस तेव्हाच मला दाखवलं असतंस, तर परत तरी करता आलं असतं. लपवलंस म्हणून आठवडा गेला." परत करायला गेले तेव्हा विकणाऱ्याचा नंबर बंद होता.

मैत्रिणींनो, खरं सांगते, नाणं खोटं निघालं याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. पण ज्या माणसाने जन्मभर धातू हाताळला, त्याला मी माझ्या छंदाजवळ येऊच दिलं नाही, ही बोच अजून आहे. 'बाबांना यातलं काय कळणार?' असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. मला कळत होती ती पुस्तकातली नावं. त्यांना कळत होती ती वस्तू.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून वाचायला लागलो. मी वाचायचे, ते ऐकायचे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाची तक्रार त्यांना फार आवडली, की भारत दरवर्षी रोमकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. त्याचीच आणखी एक गोष्ट आहे. एक रोमन माणूस वाहत वाहत श्रीलंकेला पोचला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची डिनेरियस नाणी पाहिली. चेहरे वेगवेगळे, पण वजन सगळ्यांचं सारखं! राजाने त्यावरून ठरवलं, हे लोक प्रामाणिक असावेत. बाबा म्हणाले, "बघ, त्या राजानेही आधी वजनच पाहिलं."

रोमन नाणी आपल्यापासून लांब नाहीत, हेही तेव्हाच समजलं. आमच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरकडे चकरबेढा इथे रोमन सोन्याची नाणी मिळाल्याची नोंद आहे. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला चांदीच्या डिनेरियसांचा मोठा साठा सापडला. भारतात मिळालेल्या या चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी जास्त आहेत. पुढे इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने नाण्याचं वजनही कमी केलं आणि त्यातली चांदीही. आणि ठोकण्याचं म्हणाल, तर आपल्या नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर स्वतःचा ठसा पुन्हा ठोकला होता. हे वाचल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे नाव बदलायलाही हातोडाच लागला."

वर्षभराने मी एक डिनेरियस घेतला. ओथो नव्हे, टायबेरियस. झिजलेला, साधा, पुष्कळ मिळणारा. परवानाधारक विक्रेत्याकडून, पक्क्या बिलासह, आणि बाबांना शेजारी बसवून. सम्राटाच्या गालावर छिन्नीची एक छोटी खूण आहे. त्या खुणेमुळे तो स्वस्त मिळाला. त्या काळीही आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी खोटी नाणी चालायची. म्हणून घेणारा एक घाव घालून आत बघायचा. बाबांनी भिंगातून ती खूण कितीतरी वेळ पाहिली. "यालाही शंका आली होती," ते हसून म्हणाले. त्या दिवसापासून ते माझ्याहून जास्त वेळ त्या नाण्याकडे बघतात.

तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या मुलांना हा नाद लागलाच, तर माझ्या बावीस हजारांत शिकलेल्या चार गोष्टी फुकट घ्या. 'दुर्मिळ' आणि 'तातडीने' हे दोन शब्द एकत्र दिसले की फोन खाली ठेवा. नाण्याचा काठ बघा आणि वजन करा. तोच ओरखडा, तेच कलणं असलेलं हुबेहूब दुसरं नाणं कुठे फोटोत दिसलं, तर दोन्हींपासून लांब राहा, कारण हाताने ठोकलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. आणि 'शेतात सापडलं' असं सांगून कुणी विकत असेल तर अजिबात घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेरही नेता येत नाही.

खोटा ओथो मी फेकला नाही. तोही बिस्किटांच्या त्याच डब्यात आहे. बाबांनी त्याला कागदाची चिठ्ठी लावली आहे, त्यांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द: 'ओतलेलं'. एम.ए.ची फी मी पुढच्या वर्षी भरली, पावती आईच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि डब्यातच ठेवली.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल, ज्यांना 'यातलं काय कळणार' असं तुम्ही ठरवून ठेवलं आहे. पुढच्या वेळी काही आणलंत, तर आधी त्यांच्या हातात देऊन बघा.