भिंतीपलीकडचे आले

एखाद्याला गुणाची पारख नाही हे सांगावयाचे झाले, की हिंदी भाषिक विचारतो, माकडाला अदरकाची चव काय कळणार? मराठी माणूस त्याच प्रसंगी गाढवापुढे गूळ ठेवतो. आल्याच्या घराण्याला मराठी म्हणीत स्थान नाही असे नव्हे. परंतु ते ओल्या आल्याला नसून सुंठीला आहे, आणि तेही चवीसाठी नसून खोकल्यासाठी आहे. सुंठीवाचून खोकला गेला, असे आपण सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो. एका भाषेने जो पदार्थ रसिकतेची कसोटी म्हणून निवडला, तोच दुसरीने औषधाच्या फडताळात ठेवला. दोन प्रदेशांच्या स्वयंपाकघरांतील अंतर या दोन म्हणींवरून जितके कळते, तितके पाकशास्त्राच्या पुस्तकांवरूनही क्वचितच कळेल.

मराठी स्वयंपाकाला आले परके आहे असा याचा अर्थ नाही. लग्नाच्या पंगतीतील मठ्ठा, आले-लिंबू-सैंधवाचे पाचक, थंडीतली आल्याची वडी, सकाळचा चहा यांत ते असतेच. रामनवमीला सुंठवडा वाटला जातो आणि बाळंतिणीच्या आहारातून सुंठ वगळण्याचे धैर्य कोणत्याही आजीला होत नाही. मात्र गोडा मसाला, चिंच आणि गूळ यांवर उभ्या राहिलेल्या रोजच्या ब्राह्मणी आमटीला आल्याची आठवण सहसा होत नाही. ते पाहुण्यासारखे येते, निमित्त असेल तेव्हा. अवधमध्ये ते घरचेच माणूस आहे. हिवाळ्यातील ओल्या मटारांचा निमोना, मटार-बटाटे-फ्लॉवर घातलेली तहरी, धुतलेल्या उडदाची कोरडी डाळ, यांपैकी काहीही त्याच्यावाचून पुरे होत नाही. आणि सामिष घरांत पहाटेच्या नहारीवर आल्याचे बारीक लच्छे पसरल्याशिवाय पहिला घास उचलला जात नाही.

1958 सालच्या जून महिन्यात वाईची एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी नववधू म्हणून लखनौला आली, तेव्हा यातले काहीच तिला ठाऊक नव्हते. पुढे त्या शहरातील मराठी घरे तिला काकू म्हणून ओळखू लागली. येथेही तेच नाव पुरे. लखनौला मराठी माणूस अनोळखी नव्हता. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 साली तेथे मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय काढले होते, आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते अनेक वर्षे सांभाळले होते. त्या विद्येच्या ओढीने दक्षिणेतून जी तरुण मुले तेथे गेली, त्यांपैकी काही गवई झाली, तर काही पोटासाठी अन्य नोकऱ्या धरून तेथेच राहिली. काकूंचे यजमान दुसऱ्या प्रकारातले. दिवसा सरकारी कचेरी, संध्याकाळी दोन-तीन गाण्याच्या शिकवण्या, आणि घरी विधवा आई. अमीनाबादच्या मागील गल्लीत त्यांचे भाड्याचे घर होते. त्याच्या अंगणाला छातीइतक्या उंचीची एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे एक वयस्क मुसलमान बाई राहत. सारी गल्ली त्यांना खाला म्हणे, म्हणून काकूही म्हणू लागल्या.

ओळख झाली ती आल्यामुळेच. लू वाहत होती. चहासाठी आणलेले आले दोन दिवसांत सुरकुतून गेले होते आणि नवी सून ते हातात घेऊन अंगणात उभी होती. भिंतीवरून आवाज आला : “दुल्हन, अदरक को ठंडी मिट्टी में रखिए, जी जाएगी।” पाठोपाठ एक मातीचे कुंडे भिंतीवर आले. त्यात ओली वाळू होती आणि वाळूत पुरलेले आल्याचे दोन गड्डे. ते माठाखाली ठेवावे, म्हणजे झिरपणारे पाणी त्याला पुरते. लागेल तेवढे मोडून घ्यावे, बाकीचे पुन्हा झाकून टाकावे. कोंब फुटला तर तो तुकडा निराळ्या कुंडीत लावावा. एवढा उपदेश करून खाला आत गेल्या.

ते कुंडे हातात घेऊन काकू घरात वळल्या आणि सासूबाईंसमोर थबकल्या. सासूबाईंचे सोवळे कडक होते. नळाचे पाणी त्यांनी नाइलाजाने स्वीकारले होते. परंतु परजातीच्या चुलीवरचे काही या घरात येणे शक्य नव्हते. त्यांनी गड्डे उलटसुलट करून पाहिले. “अगं, मातीतलं आहे, धुतलं की झालं,” एवढेच त्या म्हणाल्या.

या निवाड्यामागे फार जुने शास्त्र होते. शिजलेल्या अन्नाला विटाळ आहे, कच्च्या शिध्याला नाही. पाणी आणि अग्नी यांचा स्पर्श होईपर्यंत धान्य, भाजी, कंदमूळ कोणाचेही असले तरी चालते. खालांनाही हे शास्त्र पाठ होते. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या हिंदू शेजाऱ्यांना सणाचा वाटा कोराच पाठविला होता. ईदेच्या सकाळी भिंतीवर कोरड्या शेवया, साखर आणि सुका मेवा येई. शीरखुर्म्याचा वाडगा कधी आला नाही. एरवी आले, लिंबे, पुदिन्याची जुडी. इकडून मात्र होळीला पुरणपोळी जाई, दिवाळीला करंज्या जात, रामनवमीला सुंठवडा जाई. आणि खाला ते सारे कौतुकाने खात, दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन, रिकामी जाऊ नये म्हणून तीत चार लिंबे ठेवून परत करीत. इकडचे शिजलेले तिकडे जाई, तिकडचे कच्चेच इकडे येई. या हिशेबातील विषमता दोन्ही घरांत कोणी उच्चारली नाही. नव्या सुनेला ती पहिल्या वर्षीच जाणवली होती. पण जाणवलेले बोलून दाखविण्याचे तिचे वय नव्हते आणि घरात तिचे स्थानही तेवढे नव्हते.

जे पदार्थाला वर्ज्य होते ते शब्दांना नव्हते. त्या भिंतीवरून काकू नऊ वर्षे स्वयंपाक शिकल्या. आल्याची साल सुरीने काढू नये, चमच्याच्या कडेने खरवडावी, कारण त्याचा वास सालीलगतच अधिक असतो. जून आल्याचे आधी आडवे पातळ काप करावे आणि मग त्यांचे लच्छे, म्हणजे दोरे दातांत येत नाहीत. वाटलेले आले आरंभी तुपात परतले तर मवाळ होते, कापलेले शेवटी घातले तर बोलके राहते. एकाच भाजीत दोन्ही वेळा घालण्यास हरकत नाही. वस्त्रगाळ रस घ्यावयाचा तर तो थोडा वेळ स्थिर ठेवावा, तळाशी पांढरे सत्त्व बसते, ते मागे राहू द्यावे. चहाचे आले पाण्यात उकळल्यावरच दूध ओतावे. किसलेले कच्चे आले कोमट दुधात पडले तर दूध नासते.

आजचे रसायनशास्त्र या उपदेशांना दुजोरा देते. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा. शिजताना त्यातून सौम्य, किंचित गोडसर झिंजेरोन होते. वाळताना शोगाओल होते, ते मुळाहून अधिक तिखट, आणि म्हणून सुंठ आल्यापेक्षा जहाल. ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकरही असते. त्यानेच दूध फाटते, त्यानेच मांस मऊ पडते, आणि उकळी येताच ते निष्प्रभ होते. खालांनी यांपैकी एकही नाव ऐकलेले नव्हते. पण त्यांच्या सांगण्यात कोठे चूकही नव्हती.

1961 च्या पावसाळ्यात सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. ताप गेला, पण अन्नावरची वासना परतेना. इकडे वैद्याने सुंठ सांगितली. तिकडून खालांनी त्यांच्या हकिमाचा सल्ला आणला, त्यात झंजबील होती. दोन्ही चिकित्सा एकमेकींवर मात करावयास निघाल्यासारख्या वाटल्या आणि पुडी उघडल्यावर दोहोंतून सुंठच निघाली. शब्दांच्या बाबतीतही असेच आहे. अरबीतील झंजबील, जिचा उल्लेख कुराणाच्या शहात्तराव्या सूरेत स्वर्गातील पेयाच्या संदर्भात येतो, ती आणि ग्रीकांची झिंगिबेरिस ही दोन्ही ज्या शब्दापासून निघाली त्याचे पाली रूप सिंगिवेर आणि संस्कृत रूप शृंगवेर. शृंगवेर म्हणजे शिंगासारख्या आकाराचे, अशी फोड संस्कृताने केली. भाषाशास्त्रज्ञ तिच्यामागे दक्षिणेतील इंजी आणि वेर, म्हणजे मूळ, हे शब्द पाहतात. लखनौहून फार दूर नसलेल्या प्रयागजवळ, जेथे राम गंगापार झाला असे रामायण सांगते, त्या निषादांच्या गावाचे नावही शृंगवेरपूरच आहे. आले आणि अदरक यांची गोष्ट याहून सोपी. दोन्ही आर्द्रकाची अपत्ये. प्राकृतात घासून गुळगुळीत झालेले ते मराठीत आले झाले, गुजरातीत आदु आणि बंगालीत आदा. हिंदी-उर्दूत त्याने आपला ककार राखला. अर्थ सर्वत्र एकच, ओले. शब्दांनी सोवळे पाळले असते, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच कंदाची ही नावे पोहोचली नसती.

सासूबाईंना उतार पडला तो सुंठीने नव्हे. खालांनी भिंतीवर ठेवलेल्या कोवळ्या आल्याचे लच्छे, लिंबू आणि सैंधव यांत मुरवून काकूंनी जेवणाआधी चिमूट-चिमूट दिले. आठवड्याने त्यांनी आपण होऊन भात मागितला. पुढे त्या रोज विचारीत, “तिकडचं आलं आहे का गं?” बाजारात तेच आले मिळत होते, पण त्यांना ‘तिकडचे’ हवे असे. आणि तरीही अखेरपर्यंत त्यांनी त्या घरी कधी पाणी घेतले नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदत होत्या. त्यांतली एक खरी आणि दुसरी वरवरची, असे ठरविण्याचा मोह काकूंनी उत्तरायुष्यातही टाळला.

उडदाच्या डाळीची कृती खालांनी सांगितली ती एका हिवाळ्यात. दुपारी भिंतीपलीकडून तुपात तडतडणाऱ्या जिऱ्याचा आणि लाल मिरचीचा वास आला, आणि काकूंनी न राहवून विचारले. धुतलेली डाळ अर्धा तास भिजवावी, बेताच्या पाण्यात आल्याबरोबर शिजवावी, दाणा मऊ व्हावा पण मोडू नये. वर तूप, जिरे, मिरची, तळलेला कांदा. मग पुदिना, लिंबू आणि कच्च्या आल्याचे लच्छे. कांद्याचे नाव येताच काकू गप्प झाल्या. खालांना कारण विचारावे लागले नाही. “तो प्याज छोड़ दीजिए, अदरक दूनी कर दीजिए।” अशा रीतीने ती डाळ या घरात आली, तीच मुळी बदललेली. घरात सर्वांना ती आवडली, सासूबाईंनाही. तिचे नाव पडले खालांची डाळ.

1967 साली खाला मुलाकडे अलीगढला गेल्या. निघताना त्यांनी उरलेले आले कुंड्यासकट भिंतीवर ठेवले. घर विकले गेले, नव्या मालकाने भिंत चढवली. सासूबाई 1972 साली गेल्या. त्यानंतर काकूंना कोणाची आडकाठी नव्हती. कोणाच्याही घरी त्या जेवू शकत होत्या आणि जेवतही. परंतु जेथे जेवावयाचे होते ते घर आता तेथे नव्हते. आणि एके दिवशी, डाळीवर लच्छे पसरताना, त्यांच्या ध्यानात आले की जो पदार्थ आपण आठवड्यातून एकदा रांधतो आणि पाहुण्यांना अभिमानाने वाढतो, त्याचा मूळ नमुना आपण एकदाही चाखलेला नाही. त्याचा वास माहीत होता, कृती पाठ होती, नाव त्या बाईंचे होते. चव मात्र अंदाजाची होती.

पुढे कित्येक वर्षांनी खालांची नात काही कामासाठी लखनौला आली आणि आजीने सांगितलेल्या खुणांवरून गल्ली शोधीत दाराशी उभी राहिली. खाला तोवर निवर्तल्या होत्या. काकूंनी तिला ठेवून घेतले, डाळ केली, त्या दिवशी मुद्दाम कांदा तळून वर घातला, आणि समोर बसून विचारले, “नानीच्या हातासारखी झाली का?” मुलीने घास घेतला, क्षणभर थांबली आणि अदबीने म्हणाली, “उनसे भी अच्छी।”

लखनवी रीतीत वाढलेल्या मुलीला या प्रश्नाचे दुसरे उत्तर देता आले नसते, हे काकूंना इतक्या वर्षांच्या वास्तव्याने पुरते ठाऊक होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही. तिच्या पानात आणखी एक पळी वाढली आणि आल्याची ताटली तिच्याकडे सरकवली.

2009 साली काकू गेल्या. त्यांची सून कानपूरची. ती आल्याला अदरक म्हणते, आणि डाळीत कांदा कधी घालते, कधी घालत नाही. माठाच्या जागी आता फ्रिज आहे. तरी पावसाळ्यापूर्वी एक-दोन गड्डे कुंडीत लावण्याची रीत तिने मोडलेली नाही. घरातली मुले त्या डाळीला अजून खालांची डाळ म्हणतात. खाला कोण, हे त्यांना विचारले तर ती एकमेकांकडे पाहतात.