रिओ: किनाऱ्याकडे सर्वांत शेवटी

रिओ दि जानेरोला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहली बहुधा कोपाकबानालाच मुक्काम टाकतात आणि पहिली संध्याकाळ वाळूत जाते. शहर घडले ते मात्र नेमके उलट्या दिशेने. ते वसले ग्वानाबारा उपसागराच्या आत, शांत पाण्याच्या कडेला. खुल्या अटलांटिकवरचे किनारे शहरात सामील झाले ते सव्वातीनशे वर्षांनंतर. त्यामुळे इतिहासाच्या अंगाने रिओ पाहायचे तर उपसागराकडून सुरुवात करून समुद्राकडे सर्वांत शेवटी यावे.

पहिला मुक्काम अर्थातच शुगरलोफ. ३९६ मीटर उंचीच्या या उघड्याबोडक्या खडकावर रोपवे दोन टप्प्यांत नेतो. २२० मीटर उंचीच्या उर्का टेकडीपर्यंतचा पहिला टप्पा १९१२ मध्ये सुरू झाला, दुसरा त्यानंतरच्या वर्षी. माथ्यावर पोहोचताच सगळे मोबाइल ख्रिस्ताच्या पुतळ्याकडे वळतात. खरे तर आधी पाहावे ते खाली, उपसागराच्या तोंडाकडे. हे तोंड जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे. ज्याच्या तोफा तिथे, त्याचाच आतला सगळा उपसागर. पोर्तुगीज जहाजे १५०२ च्या जानेवारीत इथे येऊन गेली होती, पण वस्ती करण्याची निकड त्यांना भासली नव्हती. १५५५ मध्ये व्हिलगान्यों या फ्रेंच दर्यावर्दीने आतल्या एका बेटावर किल्ला बांधला, तेव्हा कुठे पोर्तुगीज जागे झाले. १५६० मध्ये त्यांनी तो किल्ला पाडला, तरी तामोयो या स्थानिक जमातीच्या आधाराने फ्रेंच टिकून राहिले. अखेर १ मार्च १५६५ रोजी एस्तासिओ दि सा याने याच खडकाच्या पायथ्याशी रिओची स्थापना केली. दोन वर्षांनी फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. त्या लढाईत लागलेल्या बाणाच्या जखमेने एस्तासिओ स्वतःही दगावला. व्हिलगान्योंचे बेट आज ओळखू येत नाही. भराव घालून ते सांतोस दुमोंत विमानतळाच्या कडेला जोडले गेले असून तिथे नौदलाची प्रबोधिनी आहे.

जमीन हवी तशी हलवण्याची ही खोड रिओला जुनी आहे. फ्रेंच गेल्यावर वस्ती पायथ्यावरून उचलून मोरो दो कास्तेलो या टेकडीवर नेली गेली आणि तिथेच पहिले खरे शहर उभे राहिले. ती टेकडी शोधायला गेलेल्या विद्यार्थ्यांना दिसतात सरकारी इमारती आणि रुंद रस्ते. १९२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे भव्य प्रदर्शन भरवायचे म्हणून टेकडी घरांसकट, जुन्या चर्चसकट खोदून काढली आणि तिची माती भरावाला वापरली. स्वातंत्र्याचा उत्सव साजरा करताना शहराने आपले जन्मस्थानच उचलून टाकले! उरली आहे ती लादेरा दा मिझेरिकॉर्दिया या चढणीची थोडीशी सुरुवात. दगडी फरसबंदीचा हा उतार काही पावले वर जातो आणि एकदम थांबतो. शिक्षकाने पुस्तक मिटून विद्यार्थ्यांना दहा मिनिटे उभे करावे अशी ही जागा आहे.

तिथून पासो इम्पेरियाल या जुन्या राजवाड्यापर्यंत चालत जाता येते. अंतर्भागातल्या मिनास जेराइसचे सोने रिओच्या बंदरातून लिस्बनला जाऊ लागल्यावर शहराचे वजन वाढले आणि १७६३ मध्ये वसाहतीची राजधानी साल्वादोरहून इथे आली. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांना चुकवून पोर्तुगालचा सगळा दरबारच जहाजांत बसून रिओत उतरला. आलेल्या हजारो लोकांना जागा हवी म्हणून चांगली चांगली घरे ताब्यात घेतली गेली. गोव्यापासून मकाऊपर्यंतच्या साम्राज्याचा कारभार काही वर्षे या उष्ण, दमट शहरातून चालला. वसाहतीतून मातृभूमीवर राज्य करण्याचा हा प्रकार युरोपीय साम्राज्यांच्या इतिहासात विरळाच. याच पासोमध्ये १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेल हिने गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली.

ती सही कशाबद्दल होती हे वालोंगोच्या धक्क्यावर कळते. बंदर भागातल्या एका चौकात, आजच्या रस्त्याच्या पातळीखाली, ओबडधोबड दगडांची फरसबंदी उघडी ठेवलेली आहे. गुलामांचा बाजार शहराच्या दर्शनी भागात नको म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो या कोपऱ्यात हलवला गेला होता. १८११ मध्ये इथे दगडी धक्का बांधला. या बंदरात उतरवलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या सुमारे नऊ लाख मानली जाते. १८४३ मध्ये सम्राट दुसऱ्या पेद्रोची वधू तेरेझा क्रिस्तिना इथे उतरणार होती, म्हणून जुने दगड झाकून वर नवा देखणा धक्का बांधला गेला. पुढे त्यावरही भराव पडला. २०११ मध्ये ऑलिंपिकपूर्वीच्या नूतनीकरणासाठी खोदकाम करताना दोन्ही थर एकावर एक सापडले. २०१७ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवले. पाहण्यासारखे इथे फारसे काही नाही, दगडच आहेत. तरी रिओत एकच ठिकाण दाखवायचे ठरले तर ते हेच असावे.

जवळच पेद्रा दो साल हा खडकात कोरलेल्या पायऱ्यांचा चढ आहे. बंदरावर मिठाची पोती वाहणाऱ्या कृष्णवर्णीय हमालांची वस्ती या भागात होती. सांबा संगीताची मुळे इथल्या आणि शेजारच्या वस्त्यांतल्या घरगुती मैफलींत आहेत. सोमवारी रात्री आजही इथे उघड्यावर सांबा रंगतो आणि दिवसभर इतिहासाला कंटाळलेली मुलेही मग ताल धरतात. मागच्या प्रोव्हिदेन्सिया टेकडीवर १८९७ मध्ये ईशान्य ब्राझीलमधल्या कानुदोसच्या लढाईहून परतलेल्या, घरांचे आश्वासन मिळूनही ताटकळत राहिलेल्या सैनिकांनी झोपड्या उभारल्या. शहरातली ही पहिली फावेला, म्हणजे झोपडपट्टी, मानली जाते.

त्यानंतर ख्रिस्ताच्या पुतळ्याकडे, कोर्कोव्हादो शिखरावर. तिथे जाणारी रेल्वे १८८४ ची, म्हणजे पुतळ्याच्या बरीच आधीची. ७१० मीटर उंचीच्या शिखरावरचा तीस मीटरचा ख्रिस्त १९३१ मध्ये उभा राहिला. आराखडा अभियंता एतोर दा सिल्वा कोस्ता याचा, शिल्पकार फ्रान्सचा पॉल लांदोव्स्की. काँक्रीटवर शंखजिऱ्याच्या दगडाचे छोटे त्रिकोणी तुकडे बसवलेले आहेत. पण गाडी ज्या जंगलातून चढते तेही माणसांनीच लावलेले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. कॉफीच्या मळ्यांसाठी तिजुकाचे डोंगर बोडके झाले, झरे आटले, शहराला पाण्याची टंचाई जाणवू लागली. तेव्हा १८६१ पासून मेजर आर्शेर याच्या देखरेखीखाली पुन्हा झाडे लावली गेली. सुरुवातीचे खड्डे खणणारे हात गुलामांचे होते. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून गेलेल्या विद्यार्थ्याला या जंगलात एक ओळखीचे झाड भेटते: फणस. पोर्तुगीजांनी भारतातून नेलेला फणस इथे इतका माजला आहे की स्थानिक झाडांना तो जागा देत नाही, म्हणून त्याची रोपे काढून टाकण्याच्या मोहिमा होतात. उलट वाटेने ब्राझीलमधून गोव्यात आलेल्या काजूला मात्र कोणी परके मानत नाही.

आता कोपाकबाना. डोंगरांमुळे शहरापासून तुटलेली ही कोळ्यांची वस्ती १८९२ मध्ये बोगदा खोदून ट्राम आल्यावर शहराला जोडली गेली. १९२३ मध्ये कोपाकबाना पॅलेस हॉटेल उघडले आणि समुद्रस्नान ही श्रीमंतांची हौस ठरली. आज पाय पोळवणारी रुंद वाळू त्याहूनही अलीकडची आहे. १९७० च्या सुमारास बाहेरून वाळू आणून किनारा समुद्रात पुढे सरकवला, रस्ता रुंद केला आणि त्याखालून सांडपाण्याची मोठी वाहिनी टाकली. काळ्यापांढऱ्या लाटांची फरसबंदी लिस्बनच्या चौकातून आलेली; तिला आजचे रूप दिले उद्यानरचनाकार बुर्ले मार्क्स याने.

किनारा कायद्याने सर्वांचा आहे, पण तिथे पोहोचणे सर्वांना सारखे सोपे नव्हते. १९६७ मध्ये रेबोसास बोगदा झाला, पुढे बस आल्या आणि उत्तरेकडच्या गरीब वस्त्यांतली मुले रविवारी इथे येऊ लागली. समोरच्या इमारतींतल्या रहिवाशांच्या तक्रारीही तेव्हापासूनच्या. २०१५ मध्ये पोलिसांनी किनाऱ्याकडे येणाऱ्या बसमधून अशा मुलांना उतरवायला सुरुवात केली. गुन्हा करताना सापडल्याशिवाय अल्पवयीनांना ताब्यात घेऊ नये, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. मेट्रो कोपाकबानाला १९९८ मध्ये पोहोचली आणि इपानेमाला २००९ मध्ये. परदेशी विद्यार्थी याच गाडीने किनाऱ्यावर येतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.