शिराळ्याची वही: मेंदूभोवतीचं रक्त

शिराळा म्हटलं की बाहेरचे लोक नागाबद्दल विचारतात. मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती मात्र घोणसीची. तिच्या विषाने रक्त गोठत नाही. कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवलेलं रक्त पातळच राहिलं, की ओळखायचं. तिथे आधी प्रतिविष.

*

साप नसतानाही मेंदूत असा रक्तस्राव होतो. मेंदूच्या धमनीला आलेला फुगा फुटतो आणि रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतं. रुग्ण म्हणतो, 'असं डोकं जन्मात दुखलं नव्हतं.' ते एका क्षणात सुरू होतं. पित्त समजून बाम चोळत बसू नका. कऱ्हाड गाठा, मिरज गाठा, पण सीटी स्कॅन करा.

*

पहिला घाव रक्ताचा, दुसरा ग्लुटामेटचा. एरवी या रसायनावाचून मेंदू काही शिकूच शकत नाही. इजा झाली की ते बेसुमार सुटतं, पेशींत कॅल्शियम घुसतं आणि पेशी मरतात. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपलं अजिनोमोटो, टोचलं आणि मेंदूतल्या पेशी मरताना दाखवल्या. मग ग्लुटामेटची वाटच अडवावी, हा विचार साहजिक होता.

*

मॅग्नेशियम ही वाट अडवतं. स्वस्त आहे, प्रसूतिगृहात झटक्यांवर रोज वापरतात. मला याचीच सर्वात जास्त आशा होती. २०१२ साली अशाच रक्तस्रावाच्या १,२०४ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: वाईट परिणाम मॅग्नेशियम घेतलेल्यांत २६.२ टक्के, न घेतलेल्यांत २५.३. उशीर झाला असेल म्हणावं, तर लॉस एंजेलिसमध्ये पक्षाघाताच्या १,७०० रुग्णांना ते रुग्णवाहिकेतच, दोन तासांच्या आत दिलं. २०१५ मध्ये तिथलाही निकाल नकारात्मकच. शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम मेंदूत फारसं पोचतच नाही, हे मला यातलं सर्वात पटणारं कारण वाटतं.

*

उपयोगी ठरलं ते निमोडिपिन. ते ग्लुटामेटला नव्हे, कॅल्शियमला अडवतं. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ वरून २२ टक्क्यांवर आलं. दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस, मध्यरात्रीचा डोसही चुकवायचा नाही. घरी सोडल्यावर गोळी अर्ध्यात थांबवू नका, हे नातेवाइकांना दोनदा सांगायला हवं.

*

आता लक्ष केटामाइनकडे आहे. भूल देण्याचं जुनं औषध, लहान गावांतल्या शस्त्रक्रियागृहांतही असतं. तेही ग्लुटामेटची वाट अडवतं. इजा झालेल्या मेंदूवर विद्युतशून्यतेच्या लाटा सरकत जातात. ब्राझीलच्या लेआव यांनी १९४४ साली त्या सशांत टिपल्या होत्या. केटामाइनने या लाटा कमी होतात, असं छोट्या अभ्यासांत दिसलं. त्याने माणूस आपल्या पायांवर घरी जातो का, हे मोठ्या चाचणीने दाखवायला हवं. आणि त्या चाचणीत आपल्याकडचे, उशिरा पोचणारे रुग्णही असावेत.