लुंबिनीच्या धुक्यातले सारस

गेल्या डिसेंबरात आमच्या विहारातर्फे धम्मयात्रा निघाली. आम्ही ३४ जण होतो. बायामाणसं, पोरंसोरं, काही पेन्शनर. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली. सरहद्दीची कमान ओलांडली की नेपाळ. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. त्याच संध्याकाळी लुंबिनीत मायादेवी मंदिरात आणि अशोकस्तंभापुढे आम्ही वंदना घेतली.

दुसरा दिवस मोकळा होता. बरेच जण बाजाराला जायचे म्हणत होते. पण आमच्या वस्तीत लेकीकडे राहणाऱ्या गोंदियाच्या मावशी म्हणाल्या, "इथं सारस हायेत म्हणे. मले पाहाचे हायेत." मग बाजार राहिला.

लुंबिनीचा आराखडा १९७८ साली जपानी वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांनी केला. दक्षिणेला मंदिर, मधून सरळ कालवा, त्याच्या दोन्ही अंगांना देशोदेशींचे विहार आणि उत्तर टोकाला विश्वशांती स्तूप. या स्तूपाजवळच सारसांसाठी पाणथळ जमीन राखून ठेवली आहे. पहाटे निघालो तेव्हा धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता.

सारस आधी कानांवर आले. नर-मादी जोडीने हाक देतात. तुतारी फुंकावी तशी ती लांबवर जाते. धुके विरळ झाले तसे बगळे दिसले, टिटव्या दिसल्या, मग ती जोडी. अंग राखी, डोके आणि मानेचा वरचा भाग लालभडक, उंची माणसाएवढी. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सर्वांत उंच. दोघांच्या मधे तांबूस डोक्याचे, त्याच पावसाळ्यातले पिल्लू चरत होते.

ते उडावेत, फोटो चांगला यावा म्हणून आमच्यातला एक पोरगा टाळ्या वाजवू लागला. मावशींनी त्याचा हात धरला. मग बांधावर बसून त्या बोलल्या.

त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करीत. एका वर्षी रोवणीच्या दिवसांत सारसाने बांधीत घरटे केले. दोन अंडी होती. धान तुडवले जाते म्हणून मालकाने घरटे काढायला लावले. नाही म्हटले असते तर मजुरी गेली असती. वडिलांनी अंडी उचलली. ती जोडी तीन दिवस तिथेच ओरडत फिरत होती आणि वडील घरी नीट जेवले नाहीत.

देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेला पक्षी सिद्धार्थाने वाचवला, ही गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सांगितली आहे. आमच्या पोरांना ती पाठ आहे. मावशी म्हणाल्या, "देवदत्ताचा बाण त्याचाच होता. माह्या बापाचा फक्त हात होता."

यावर आम्ही काय बोलणार?

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक, हंस यांना मारण्यास बंदी केली. लुंबिनीच्या स्तंभावर मात्र वेगळाच मजकूर आहे. भगवान बुद्ध इथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असे त्यावर लिहिले आहे. आम्हाला वाटते, हे दोन्ही लेख एकत्र वाचावेत. पाणथळी बुजतात, विजेच्या तारांना धडकून सारस मरतात. महाराष्ट्रात आता गोंदियाच्या आसपास थोडेच उरले आहेत. त्यांचे घरटे कुणाच्या तरी धानात असते. ते वाचवायचे तर शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळाली पाहिजे आणि मजुराची रोजी बुडता कामा नये. कोरडा उपदेश पुरत नाही.

वाचकहो, लुंबिनीला गेलात तर एक पहाट स्तूपाच्या बाजूला जा. पोरांना न्या. बोलू नका, टाळ्या वाजवू नका. परतताना मावशी मागे वळून वळून पाहत होत्या. बसमध्ये बसल्यावर एवढेच म्हणाल्या, "पिल्लू मोठं झालं हाये. उडंल आता."