साडेचार एकरांची संहिता

फ्रेंच भाषेत 'तेर्वार' असा एक शब्द आहे. एखाद्या जागेची माती, तिच्या पोटातला खडक, उतार, ऊन, पाऊस आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांची रीत या सगळ्यांमधून तिथल्या पिकात जो खास गुण उतरतो, त्याला ते हे नाव देतात. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, पण कल्पना आपल्याला परकी नाही. आम्ही दोघे बरीच वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहोत. ग्रामीण साहित्यावर किंवा देशीवादावर प्रश्न आला की 'या कादंबरीला मातीचा गंध आहे' हे वाक्य उत्तरपत्रिकांतून हमखास भेटते. वाक्य खोटे नसते. पण हा गंध मातीत असतो, माती कसणाऱ्याच्या हातात असतो, की वास घेणाऱ्याच्या मनात, हे विचारण्याच्या आतच उत्तर संपलेले असते. हा प्रश्न कसून विचारता यावा अशी एक जागा फ्रान्समध्ये आहे. तिचे नाव रोमाने-कोंती.

बर्गंडी प्रांतात, दिजों शहराच्या दक्षिणेला, व्होन-रोमाने नावाचे खेडे आहे. दिजोंला शिकणाऱ्या भाचीकडे गेलो असताना ऑक्टोबरातल्या एका सकाळी आम्ही नुई-सँ-जॉर्जच्या स्थानकावर उतरलो आणि तिथपर्यंत पायी गेलो. तोडणी आटोपली होती, पाने पिवळी पडली होती. गावाच्या मागे जिथे चढण सुरू होते तिथे एक बुटकी दगडी भिंत, एक दगडी क्रूस आणि आत न येण्याची विनंती करणारी पाटी. जगातल्या सर्वांत महागड्या रेड वाइनपैकी एक जिथे पिकते, तो मळा एवढाच. क्षेत्रफळ सुमारे १.८१ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. मालकाकडे एवढीच जमीन असती, तर आपल्या सरकारी व्याख्येत तो अल्पभूधारक ठरला असता. वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या निघतात, तेवढ्याच.

वरच्या अंगाला ला रोमाने, उत्तरेला रिशबूर, खालच्या अंगाला रोमाने-सँ-व्हिव्हाँ, दक्षिणेला ला ग्रांद र्यूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यापलीकडे ला ताश. सगळीकडे एकच वाण, पिनो न्वार. तरीही प्रत्येक तुकड्याची वाइन निराळी, असा तिथला शतकांचा दावा आहे. त्याला भूगोलाचा आधार आहे. ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक इथे मातीखाली फार खोल नाही. उताराच्या माथ्यावर माती पातळ, पायथ्याशी जड आणि ओल धरणारी. रोमाने-कोंती या दोहोंच्या मध्ये आहे. चिकणमाती पुरेशी, पण पाणी साचू न देणारी. मळा पूर्वेकडे तोंड करून असल्याने सकाळचे ऊन थेट मिळते. वेलीला ना चैन ना उपासमार. अशा तुकड्यांना तिथे 'क्लिमा' म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीतले असे १२४७ तुकडे जागतिक वारसा म्हणून नोंदवले.

ही मातीची बाजू झाली. आता माणसांची. १२३२ मध्ये बर्गंडीची डचेस आलिक्स द व्हेर्जी हिने इथली जमीन सँ-व्हिव्हाँच्या मठाला दिली. १३९५ मध्ये ड्यूक फिलिप द बोल्ड याने गामे या भरघोस पिकणाऱ्या वाणाविरुद्ध फर्मान काढले. म्हणजे आज जो 'मातीचा स्वभाव' वाटतो, त्यात एका राजाज्ञेचाही वाटा आहे. पुढे सतराव्या शतकात 'रोमाने' हे नाव रूढ झाले. त्याआधी मळ्याला क्रो दे क्लू म्हणत. १७६० मध्ये कोंतीचा राजपुत्र लुई-फ्रान्स्वा द बूर्बाँ याने तो विकत घेतला. मादाम द पोंपादूरवर मात करून घेतला, अशी कथा आवडीने सांगितली जाते. वाइन त्याने स्वतःच्या पंगतीसाठी राखून ठेवली. मग राज्यक्रांती झाली, मळा जप्त झाला आणि १७९४ मध्ये लिलावात निघाला. गंमत अशी, की मळ्याच्या नावाला 'कोंती' हे शेपूट चिकटले ते या क्रांतीच्या धामधुमीत. ज्यांनी राजपुत्रांच्या पदव्या रद्द केल्या, त्यांच्याच काळात राजपुत्राचे नाव मळ्याला कायमचे लागले.

याहून बोलकी गोष्ट मातीची आहे. अठराव्या शतकात डोंगरावरून गाड्या भरभरून माती आणून या मळ्यात टाकल्याच्या नोंदी आहेत. उतारावरून वाहून गेलेली माती पुन्हा वर चढवणे हे तर या भागात नेहमीचेच काम होते. तेव्हा 'इथली माती' म्हणताना इथे आणलेली आणि इथे राखलेली माती असे म्हणणेच अधिक नेमके.

आणि वेली? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले. त्यावर उपाय एकच टिकला, तो म्हणजे अमेरिकी खुंटावर युरोपी वेलीचे कलम. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडून आपल्या जुन्या, कलम न केलेल्या वेली जगवल्या. या वेली पूर्वापार दाब कलमाने वाढत आलेल्या होत्या. जुन्या वेलीची फांदी मातीत पुरायची, तिला मुळे फुटली की ती नवी वेल. मूळ संहितेची अखंड परंपराच म्हणावी. दुसऱ्या महायुद्धात ते रसायन दुर्मीळ झाले आणि वेली खंगल्या. १९४५ मध्ये अवघ्या सहाशे बाटल्या निघाल्या. त्यानंतर वेली उपटल्या गेल्या आणि १९४७ मध्ये शेजारच्या ला ताशमधून आणलेल्या काड्या कलम करून लावल्या. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-कोंती नाहीच. १९५२ मध्ये ती परत आली, त्याच नावाने. आता खुंट परदेशी, डोळा शेजारचा.

मग ही तीच का? पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. मूळ हस्तलिखित नाहीसे झालेले असते, हाती प्रतींच्या प्रती असतात. तरीही आपण ग्रंथाला त्याच नावाने ओळखतो आणि ते ओळखणे केवळ भाबडेपणाचे नसते. लिपिकारांनी किती निष्ठेने नक्कल केली, यावर ते अवलंबून असते. इथेही तेच. घोड्याने नांगरणी, मोजकेच घड ठेवणारी छाटणी, बहुतांशी देठांसह आंबवणे, ओकच्या नव्या पिंपांत मुरवणे ही सगळी त्या निष्ठेची कामे आहेत. मालकांची नावे इतिहासाने जपली. छाटणी करणाऱ्यांची फारशी जपली नाहीत.

असो. आस्वादाचा प्रश्न उरतोच. ही वाइन आम्ही चाखलेली नाही, पुढेही चाखू असे वाटत नाही. १९४५ ची एक बाटली ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला, म्हणजे सुमारे चार कोटी रुपयांना गेली. तो त्या वेळचा विक्रम होता. जे चाखतात, त्यांची तरी खात्री काय? २०१२ मध्ये अमेरिकेत अटक झालेल्या रूडी कुर्नियावानने घरी मिश्रणे करून बनावट दुर्मीळ वाइन विकल्या. त्यांत रोमाने-कोंतीची नक्कलही होती. मातब्बर संग्राहकांनी त्या घेतल्या आणि चवीने प्यायल्या. चिठ्ठी वाचली की जिभेला मातीचा गंध येऊ लागतो, हे वाइनपुरतेच खरे असते तर आम्हांला एवढी चिंता वाटली नसती. लेखकाचे गाव आणि जात कळल्यावर कथेत माती हुंगणारे वाचक आणि समीक्षक आमच्या वर्तुळातही आहेत.

तरीही या मळ्याकडे पाहून 'तेर्वार' हे थोतांड आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तो खडक खरा आहे, उतार खरा आहे. मात्र तो गुण कोणी फुकट दिलेला नाही. माती वाहून जाते, वेल मरते, मालक बदलतात, नावसुद्धा बदलते. दर पिढीला कोणीतरी ते सगळे पुन्हा उचलून वर न्यावे लागते. भाषेचेही असेच आहे. म्हणून यापुढे उत्तरपत्रिकेत 'मातीचा गंध' भेटला की आम्ही ते वाक्य खोडणार नाही. समासात एवढेच विचारू, की ही माती कोणी राखली, कोणी वाहून आणली आणि खुंट कितव्यांदा बदलला? उत्तर लिहायला पुरवणी लागली, तर ती आनंदाने देऊ.