पुढचे ब्रेक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे माझ्या हातात पाना दिसलेला आमच्या अण्णांना मुळीच खपत नाही. ते स्वतः ड्रायव्हर. आठवीनंतर नांदेडला एका उस्तादांच्या गॅरेजात राहिले, आधी गाडी उघडायला शिकले, मग चालवायला. आज हदगावात त्यांची स्वतःची जुनी मारुती इको आहे. "तू पेन धर. हे काळे हात माझ्यापाशीच राहू दे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. पण मागच्या नवरात्रात पुढचे ब्रेक पॅड बदलायची वेळ आली आणि नेमका त्यांचा उजवा खांदा धरलेला. त्यांना दुसरा हात हवा होता. तो माझा मिळाला.

मी कला शाखेचा विद्यार्थी. मराठी आणि इतिहास माझे विषय. तेव्हा ब्रेकला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न मला पडणे स्वाभाविक होते. ‘गतिरोधक’ म्हणावे तर तो शब्द आधीच आपल्या गल्लीत रस्त्यावर आडवा पडलेला! असो. ब्रेकला आपण ब्रेकच म्हणू.

झाले असे की, माहूरचे भाडे ठरले होते. सहा माणसे, त्यांत एक म्हातारी आणि दोन लेकरे. हदगाव सोडले की पैनगंगा ओलांडून विदर्भ लागतो. उमरखेड, महागाव करीत पुन्हा पैनगंगा ओलांडली की माहूर, म्हणजे परत आपलाच नांदेड जिल्हा. पुढे रेणुकामातेचा गड आणि गडाची वळणे. इसार घेतलेला होता. त्याच आठवड्यात माझ्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती आणि फॉर्मचे पैसे याच भाड्यातून निघायचे होते. आदल्या दिवशी ब्रेक दाबताच पुढच्या चाकातून बारीक शीळ येऊ लागली. अण्णांनी चाक काढून पाहिले आणि सरळ जाऊन इसार परत केला.

"हळू घेऊ की अण्णा, काय होतंय?" भाडेकरी म्हणाले.

"चढताना हळू घेता येतंय. उतरताना गाडी आपलं ऐकत नाही," अण्णा म्हणाले.

ती माणसे दुसऱ्या गाडीने गेली. मायने बचत गटातून पैसे उचलले आणि माझा फॉर्म भरला. त्या रात्री आमच्या घरात फारसे कोणी बोलले नाही.

पॅड हदगावातही मिळत होते, पण स्वस्तातले. अण्णांनी मला एस.टी.ने नांदेडला पिटाळले, अस्सल माल आणायला. किंमत जवळजवळ दुप्पट. खोक्यावरचा इंग्रजी मजकूर मी त्यांना वाचून दाखवू लागलो. ‘अ‍ॅस्बेस्टॉस फ्री’ असे शब्द आले, तेव्हा अण्णा थबकले. "एवढे पैसे घेतले आन् फ्री काय दिलंय त्यात?" आम्ही दोघेही पोट धरून हसलो. मग मी सांगितले, की अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचे बारीक तंतू. पूर्वी ब्रेकच्या अस्तरात ते सर्रास घालीत. त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा रोग होतो, कॅन्सरही होतो. अण्णांचे हसू थांबले. "आम्ही तर ड्रम उघडला की फुंकर मारूनच साफ करायचो," एवढेच ते म्हणाले आणि ओले फडके आणायला घरात गेले.

दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक चढवला आणि चौकटीखाली लाकडी ठोकळा सरकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा उस्तादांचा नियम. चाक निघाले. आत चकचकीत लोखंडी तबकडी, तिला डिस्क म्हणतात. आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा कॅलिपर. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला आणि तारेने बांधून ठेवला. तो ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळता कामा नये. जुने पॅड हातात घेतले. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० मिलिमीटर असतो. ३ वर आला की बदलावा. आमचा आतल्या बाजूचा पॅड बोटाच्या नखाएवढा उरला होता. तो मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो. गडाच्या उतारावर ती म्हातारी आणि ती लेकरे यांच्या आणि दरीच्या मध्ये एवढेच असणार होते.

पुढचेच ब्रेक आधी का झिजतात? हदगाव-नांदेड एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्याला हे शिकवावे लागत नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की मागची सगळी गर्दी पुढच्याच्या पाठीवर येते. गाडीचे वजनही तसेच पुढच्या चाकांवर येते. म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांना करावे लागते. आणि वेग दुप्पट झाला तर थांबवायचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. तो सगळा जोर उष्णता होऊन या तबकडीत जातो. लांब उतारावर सारखा पाय दाबून ठेवला, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पायडल दाबले तरी नुसते खाली जाते. म्हणून ज्या गेअरने घाट चढायचा, त्याच गेअरने उतरायचा. सायन्सच्या मुलांनी याचे गणित मांडावे. आमच्या अण्णांना ते पायाला कळते.

जुना पॅड मध्ये ठेवून शिकंज्याने पिस्टन हळूहळू मागे दाबला. वर टाकीतले ऑइल चढते, ते सांडू नये म्हणून अण्णा तिकडे नजर ठेवून होते. सरकत्या पिनांना ग्रीस लावले. पॅडच्या तोंडाला मात्र ग्रीसचे बोटसुद्धा लागू द्यायचे नाही. मग दुसरी बाजू. एकाच बाजूचे पॅड कधी बदलत नाहीत, गाडी एकीकडे ओढते. शेवटी चाके चढवून, गाडी जागेवरच ठेवून ब्रेक दाबायचा. पहिल्यांदा पाय थेट तळाला गेला आणि माझ्या छातीत धस्स झाले. "पुन्हा दाब," अण्णा म्हणाले. चौथ्या-पाचव्या वेळी पायाखाली घट्ट लागले.

कोजागरीला माहूरचे दुसरे भाडे मिळाले. अण्णांनी मला शेजारी बसवले. परतीला गड उतरताना गाडी दुसऱ्या गेअरमध्ये घुमत होती, वळण आले की अण्णांचा पाय ब्रेकवर क्षणभर टेकून सुटत होता. शीळ नव्हती. मागच्या सीटवर एक आजी प्रसादाची पिशवी मांडीत धरून झोपली होती.